ऑपरेटरबाई धुक्यात गेल्या त्याची गोष्ट

आमच्या समोरच्या दारात राहतात त्या बाईंना सगळे ऑपरेटरबाई म्हणतात. नोकरी सुटून बरीच वर्षं झाली, पण नाव चिकटलं ते चिकटलं. मोठ्या इस्पितळाच्या टेलिफोनवर त्यांनी उभी हयात काढली. जिन्याखाली एक बिनखिडकीची खोली होती. तिच्यात एक टेबल, बटणांची पाटी, कानाला लावायचं यंत्र आणि पाठ टेकली की कुरकुरणारी खुर्ची. तिथून त्यांचा आवाज सगळ्या मजल्यांवर जायचा. 'हाडांचे डॉक्टर, तळमजल्यावर या.' 'पांढऱ्या गाडीच्या मालकांनी गाडी वाटेतून काढावी.' बोलणं एवढंच, पण खाटेवर पडलेल्या माणसाला वाटायचं, छतातून कोणीतरी आपल्याकडे लक्ष ठेवून आहे.

तो आवाज कसा होता हे सांगणं अवघड आहे. गोड म्हणावा असा नव्हता. जरा जाड, कोमट, आणि शब्दाच्या शेवटी किंचित रेंगाळणारा. जिना उतरताना शेवटच्या पायरीवर माणूस उगीच क्षणभर थांबतं, तसा. फोनवर ऐकून लोकांना वाटायचं, बाई चांगल्या उंचनिंच असणार. प्रत्यक्षात खुर्चीत बसल्यावर त्यांचे पाय जमिनीला टेकत नसत. पायाखाली जुन्या टेलिफोन डिरेक्टऱ्यांची चवड ठेवलेली असायची.

त्यांचे यजमान सोफेवाले. सोफे, खुर्च्या, गाद्या उसवून पुन्हा शिवून देणं हा त्यांचा धंदा. खाली रस्त्यावर, दोन दुकानं सोडून त्यांचं दुकान आहे. तरुणपणी इस्पितळातल्या बाकांच्या गाद्या बदलायचं काम त्यांना मिळालं होतं. गुडघ्यावर बसून बारीक खिळे, चुका ठोकता ठोकता ते छतातला आवाज ऐकत राहिले आणि आठवड्याचं काम महिनाभर पुरवलं. शेवटी मोठ्या नर्सबाईंनी विचारलं, बाक शिवतोयस की विणतोयस? तेव्हा या भल्या माणसाने खरं ते सांगून टाकलं. नर्सबाईंनी त्यांना दंडाला धरून जिन्याखालच्या खोलीपाशी नेलं. आत बाई कोणाशी तरी बोलत होत्या. त्यांनी मान न वळवता एक बोट वर केलं, म्हणजे थांबा. सोफेवाले आजही सांगतात की ते बोट अजून खाली आलेलं नाही.

बाई निवृत्त झाल्या त्यानंतरची गोष्ट. त्यांच्या बहिणीचा मुलगा ध्वनिमुद्रणाचं काम करायचा. पुढच्या कुठल्यातरी शतकात घडणारा एक भलामोठा व्हिडिओ गेम आपल्या भाषेत आणायचं काम त्याच्या कंपनीकडे आलं होतं. त्यात एका वयस्क बाईचा आवाज हवा होता आणि नट्यांचे आवाज ऐकून ऐकून सगळे कंटाळले होते. भाच्याला मावशी आठवली. मावशीला मजा वाटली. भिंतींना गाद्या लावलेल्या एका खोलीत त्यांना बसवलं गेलं, आणि भिंतींच्या गाद्या नीट शिवलेल्या नाहीत हा निरोप त्यांनी घरी आल्या आल्या नवऱ्याला दिला.

वाचायची वाक्यं मात्र चमत्कारिक होती. कोण बोलतंय, कोणाशी, कशासाठी, काही पत्ता नाही. गेम गुपित ठेवायचा म्हणून कोणी सांगेना, आणि बोलून घेणाऱ्या मुलीलाही बहुधा पुरतं ठाऊक नसावं. ती एवढंच म्हणायची, पाण्यापलीकडे कोणीतरी आहे असं समजून बोला. मग बाई बोलायच्या. 'थांब. पूल अजून गरम आहे.' 'तुझं यंत्र बंद कर. नुसतं वाहू दे.' 'डावीकडे वळ. उजवीकडचं पाणी झोपलेलं नाही.' 'घाई कोणाला आहे? मला तर नाही.' अशी कितीतरी. घरी ही वाक्यं म्हणजे थट्टेचा विषय झाला. सोफेवाल्यांनी चहाचा कप ओठाला लावला की बाई म्हणायच्या, 'थांब. पूल अजून गरम आहे,' आणि ते निमूटपणे कप खाली ठेवायचे.

नंतर घसा धरला. आधी वाटलं, बोलून बोलून बसला असेल. मग तपासण्या झाल्या, आणि ज्या इस्पितळात त्यांनी जन्म घालवला तिथेच त्यांची स्वरपेटी काढून टाकावी लागली. जीव वाचला. श्वास आता गळ्यावरच्या छिद्रातून येतो-जातो. त्यावर त्या पातळ सुती रुमाल बांधतात, रोज वेगळ्या रंगाचा. तोंडातून शब्दाचा आकार बाहेर पडायचा, पण त्यात वारा नाही. हसल्या तरी खांदे हलायचे, बस. त्यांनी एक लहान पाटी आणली, खडू आणला, आणि घर पाटीवर चालू लागलं. नवऱ्याला हाक मारायची तर टाळी. एक टाळी म्हणजे इकडे या, दोन म्हणजे लवकर या, आणि त्याहून जास्त वाजल्या की आम्ही शेजारीसुद्धा धावायचो.

इस्पितळात बोलायला शिकवणाऱ्या एक बाई होत्या. अन्ननलिकेत हवा घ्यायची आणि ती सोडता सोडता शब्द काढायचे, असं ते शिक्षण. आवाज येतो, पण घोगरा, तुटक, ढेकर दिल्यासारखा. आमच्या बाई दोन-चारदा गेल्या. एकदा सराव चालू असताना दार उघडं राहिलं होतं. ट्रॉली ढकलत जाणारा जुना वॉर्डबॉय तो आवाज ऐकून थांबला, त्याने आत पाहिलं, ओळखलं, आणि पटकन मान वळवली. बाईंनी तिथल्या तिथे पर्स उचलली. पुन्हा त्या वाटेला गेल्या नाहीत. सोफेवाल्यांनी समजूत घालून पाहिली, तर पाटीवर आलं, 'ढेकरा देत संसार करू?'

अशी काही वर्षं गेली. मग तो गेम बाजारात आला.

भाचा मध्यंतरी ती कंपनी सोडून दुसरीकडे गेला होता, पण त्याने आठवणीने खेळायचं यंत्र आणि गेम दोन्ही आणलं. मावशीसमोर डबा ठेवला आणि म्हणाला, यात तुझा आवाज आहे. कुठे आहे ते त्यालाही माहीत नव्हतं. त्याने आवाज नोंदवून पुढे पाठवले होते. ते कुठल्या गल्लीत, कुठल्या डोंगरात बसवले, हे बनवणाऱ्यांना ठाऊक. गेममधलं जग इतकं मोठं होतं म्हणे की महिनोन्महिने चाललं तरी दुसरं टोक येत नाही. हवं तिकडे जा, कोणी अडवत नाही.

बाईंनी डबा सरकवून परत त्याच्याकडे केला आणि पाटीवर लिहिलं, 'नको.' त्या शब्दाखाली दोन रेघा ओढल्या.

भाचा बिचारा खाली उतरला तो थेट काकांच्या दुकानात. डबा तिथे राहिला.

सोफेवाल्यांनी आयुष्यात कधी असला खेळ हातात धरला नव्हता. दुकानाच्या मागच्या भागात, जिथे उसवलेले सोफे, काथ्याचे गठ्ठे आणि फोमचे तुकडे पडलेले असतात, तिथे त्यांनी जुना टीव्ही मांडला. दुपारी जेवणाच्या सुट्टीत शटर अर्धं ओढून घ्यायचे आणि स्प्रिंगा बाहेर आलेल्या एका सोफ्यावर बसायचे. हातातल्या यंत्राला ते रिमोट म्हणत.

आधी आधी नुसते पडायचे. त्या शहरात रस्ते एकावर एक रचलेले होते, वरच्या रस्त्यावरून खालच्या रस्त्यावर, तिथून अजून खाली. यांचा माणूस, पोलादी हाताचा एक उदास गडी, कठड्यापाशी गेला की तोल जायचा. उडत्या गाड्यांना धडकायचा. एकदा कोणाच्या तरी उंच मनोऱ्यात न विचारता शिरला म्हणून त्याला पकडून कोठडीत टाकलं, आणि सोफेवाले दुपारभर त्या कोठडीत बसून राहिले, कारण बाहेर पडायचं बटण त्यांना सापडेना. ते म्हणाले, बाकडं चांगलं होतं, एकसंध शिवण.

पण हळूहळू पाय स्थिरावले. आणि मग ते जग त्यांच्या अंगात भिनायला लागलं. इमारतींच्या गच्च्यांवर काचेची झाडं होती, वारा आला की ती किणकिणायची. चाकं नसलेल्या आगगाड्या ढगांच्या पोटाला घासून जायच्या, आणि त्यांच्या सावल्या खालच्या बाजारावरून मांजरासारख्या सरकायच्या. आकाशात एक चंद्र खरा आणि एक माणसांनी बांधलेला, अर्धवट. त्याची परांची अजून काढलेली नव्हती. सोफेवाले कामगिऱ्या घेत नसत, कोणाशी मारामारी करत नसत. जी बाई दिसेल तिच्यापाशी जायचे आणि ती बोलेपर्यंत उभे राहायचे. फळवाली, पहारेकरीण, तारेवर कपडे वाळत घालणारी म्हातारी. प्रत्येकीचा आवाज दुसऱ्याच कोणाचा तरी. मग पुढे चालायचे.

संध्याकाळी घरी आले की त्यांची नजर कुठेतरी लांब लागलेली असे. सुई हातात धरून विसरायचे. शिंपी असो की सोफेवाला, सुई विसरला म्हणजे पाणी मुरतंय हे बायकोला कळतंच. एका दुपारी बाई खाली उतरल्या, अर्ध्या शटरखालून वाकून आत गेल्या. नवरा पाठमोरा बसलेला, समोर पडद्यावर एक पोलादी हाताचा माणूस एका अनोळखी बाईसमोर खाली मान घालून उभा.

त्यांनी टाळी वाजवली नाही. पाटी बरोबर होती. तिच्यावर लिहून ती त्यांच्या मांडीवर ठेवली. 'कोणाला शोधताय?'

सोफेवाल्यांना खोटं बोलता येत नाही. "तुलाच," ते म्हणाले.

बाईंनी पाटी घेतली, रुमालाच्या टोकाने पुसली आणि लिहिलं, 'मी इथे आहे.'

पुढचे काही दिवस घरात टाळीसुद्धा वाजली नाही. बाई जेवण वाढायच्या आणि खिडकीशी जाऊन बसायच्या. सोफेवाल्यांनी टीव्हीवर चादर टाकली. मला हे सगळं नंतर दोघांकडून तुकड्यातुकड्यांनी कळलं, पण तेव्हाही भिंतीतून शांततेचा फरक जाणवत होता. आधीची शांतता चालतीबोलती होती. ही नुसती बसून होती.

शेवटी एका सकाळी चहा पिताना सोफेवाले बोलले. बायकोकडे बघून नाही, कपाकडे बघून.

"मला तुझा आवाज आठवेनासा झालाय. तू काय काय बोलायचीस ते सगळं आठवतं, शब्दन् शब्द. पण ते माझ्याच आवाजात ऐकू येतं. तुझा कुठे गेला ते कळत नाही. मी फार प्रयत्न केला."

लग्नातल्या, बारशातल्या दोन-चार चित्रफिती घरात होत्या, पण त्यांत बँडच जास्त आणि बाई कुठेतरी मागे, 'अहो, सरका जरा' एवढंच. ते तर त्यांनी झिजेपर्यंत ऐकलं होतं.

त्या दिवशी दुपारी बाई दुकानात आल्या. टीव्हीवरची चादर काढून घडी घातली, नवऱ्याला सोफ्यावर बाजूला सरकवलं, आणि हात पुढे केला. रिमोट द्या.

ज्या बोटांनी उभा जन्म बटणांच्या पाटीवर न बघता लाइनी जोडल्या, त्यांना दहा-बारा बटणं काय जड? घटकाभरात त्या कठड्यावरून चालू लागल्या. पोलादी हाताचा गडी त्यांना आवडला नाही, रडका वाटला. त्यांनी नवीन माणूस केला. उंचच उंच मुलगी, डोकं तासलेलं, हिरवं जॅकेट, पायात गुडघ्यापर्यंतचे बूट. सोफेवाल्यांनी तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाले, "फोनवर ऐकून मला तू अशीच वाटली होतीस." बाईंचे खांदे हलले.

आणि त्यांनी सरळ डोकं चालवलं. नवरा दारोदार बायका ऐकत फिरत होता. बाईंना आपली वाक्यं पाठ होती. पूल, पाणी, वाहू दे, दोर सोडू नकोस. त्यांनी पाटीवर एवढंच लिहिलं, 'शहरात नाही. मी पाण्यावर आहे.' शहरात पाणी नळाचं सोडून कुठेच नव्हतं. तेव्हा शहर सोडायचं ठरलं.

मग त्यांच्या दुपारी प्रवासात जाऊ लागल्या. सोफेवाल्यांनी त्या मोडक्या सोफ्याच्या स्प्रिंगा बांधून वर जाड फोम घातला, दोघांना टेकता येईल असा. शटर अर्धं खाली, बाहेर रस्त्याचा गलबला, आत पडद्याचा निळसर उजेड काथ्याच्या गठ्ठ्यांवर पडलेला. हिरव्या जॅकेटची मुलगी शहराच्या कुंपणाबाहेर पडली आणि मिठाच्या मैदानावरून चालू लागली. मैदान इतकं सपाट होतं की दूरचा माणूस आधी उलटा दिसायचा आणि जवळ आला की सरळ व्हायचा. मध्येच जुन्या आरशांचं एक रान लागलं. सूर्याकडे तोंड करून उभे केलेले आरसे, आता वाकडेतिकडे, आणि प्रत्येकात त्या मुलीचा एकेक तुकडा चालत होता, कुठे बूट, कुठे कान. एका गावात सगळी माणसं झोपलेली होती आणि त्यांची कामं यंत्रं हलक्या पावलांनी करत होती, कोणाची झोप मोडू नये म्हणून. बाई तिथे बराच वेळ थांबल्या. एका झोपलेल्या म्हाताऱ्याचं सरकलेलं पांघरूण नीट करता येतं का, हे त्यांनी सगळी बटणं दाबून पाहिलं. येत नव्हतं. सोफेवाले म्हणाले, बनवणाऱ्यांनी एवढं केलं, हे राहिलं.

कधी त्या चुकायच्या, कधी मुलगी तहानेने पडायची आणि पुन्हा मागच्या गावापासून चालावं लागायचं. घाई कोणालाच नव्हती. गिऱ्हाईकं मात्र कुरकुरायला लागली. माझ्याच खुर्च्या तेव्हा त्यांच्याकडे अडकल्या होत्या. मी चौकशीला गेले, तर मलाच स्टूल दिलं आणि म्हणाले, बसा, आत्ता डोंगर येईल. डोंगर आला. मी खुर्च्यांचं विचारायचं विसरले.

डोंगरापलीकडे पाणी होतं. मोठं, राखाडी, हालचाल नसलेलं. त्यावर लोखंडाचा एक पूल, मधोमध तुटलेला, आणि तुटलेल्या टोकांना अजून लाल धग. काठाला एक सपाट होडी बांधलेली. समोर पाहावं तर धुकं. पांढरं, दाट, भिंतीसारखं.

त्या दिवशी मी तिथे होते म्हणून सांगते. बाईंनी रिमोट मांडीवर ठेवला. तळहात पदराला पुसले. सोफेवाले पुढे झुकून बसले होते, गुडघ्यांवर कोपरं टेकून, जसे चुका ठोकायला बसतात तसे. मग बाईंनी मुलीला पुलाच्या टोकाशी नेलं.

"थांब. पूल अजून गरम आहे."

दुकानात कुठेतरी कात्री पडावी तसं मला झालं. तोच आवाज, छतातला. शेवटच्या पायरीवर थांबणारा. सोफेवाल्यांनी डोळे मिटून घेतले. बाईंचा चेहरा मला वाचता आला नाही. ओळखीचं कोणी गर्दीत पाठमोरं दिसल्यावर हाक मारावी की नाही अशा विचारात माणूस असतं, तशा त्या पाहत होत्या.

त्या होडीत बसल्या. होडी धुक्यात शिरली आणि पडदा पांढरा झाला. काही दिसेना. फक्त आवाज, कधी डावीकडून, कधी समोरून, कधी अगदी कानाशी. तिथे जायचं ते तो ऐकूनच जायचं, असा त्या जागेचा नियम होता. "तुझं यंत्र बंद कर. नुसतं वाहू दे." बाईंनी बटण सोडलं. "हं. आता डावीकडे वळ. उजवीकडचं पाणी झोपलेलं नाही." बाई डावीकडे वळल्या. ज्या वाक्यांना तेव्हा डोकं ना शेपूट, ती आता एकेक करून आपापल्या जागी येऊन बसत होती, आणि ती म्हणणारी आणि ऐकणारी एकच होती.

मध्येच होडी कशावर तरी आपटली. खडक असावा. आणि धुक्यातून हसू आलं.

ते वाचून दाखवलेलं हसू नव्हतं. बाई खऱ्याच हसल्या होत्या. बहुतेक वाक्य चुकलं असणार आणि बोलून घेणाऱ्या त्या मुलीने यंत्र बंद केलं नसणार. आधी नाकातून, मग आवरता न आल्यासारखं, शेवटी 'अगंबाई' म्हणत दम टाकलेला. कोणीतरी ते नेमकं इथे बसवलं होतं.

सोफेवाले ताठ झाले. "हे," ते म्हणाले. "हे."

बाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. मग होडी जरा मागे घेतली, आणि मुद्दाम, नीट नेम धरून, त्याच खडकावर घातली. पुन्हा हसू. पुन्हा मागे, पुन्हा खडकावर. सोफेवाले रडत होते आणि हसतही होते. बाईंचे खांदे गदगदत होते, आणि पडद्यातलं हसू आणि ते खांदे इतके एका तालात होते की क्षणभर मला कळेना कोण कोणासाठी हसतंय. होडी फुटायची वेळ आली, तेव्हा कुठे त्यांनी ती वळवली.

पलीकडच्या काठावर बाई नव्हती. तिथे एक खांब होता, वर गंजलेला कर्णा, आणि कर्ण्यावर एक पांढरा पक्षी. एवढंच. मला वाईट वाटलं. एवढी पायपीट केल्यावर निदान माणूस तरी ठेवायचं. पण बाईंनी पाटीवर लिहिलं, 'बरोबर आहे. मला कोणी बघितलं होतं कधी?' आणि मुलीला खांबाला वळसा घालून पुढच्या चढाला लावलं.

मला वाटलं होतं, आता हे रोज त्या धुक्यात जातील. तसं झालं नाही. सोफेवाले कधी एखाद्या दुपारी एकटेच तिकडे चक्कर मारतात, बाई चालवू देतात, पण स्वतः जात नाहीत. त्यांना पुढचा मुलूख बघायचा असतो. बदल झाला तो दुसरीकडेच. थोड्या दिवसांनी त्या आपणहून इस्पितळात गेल्या आणि बोलायला शिकवणाऱ्या बाईंसमोर बसल्या. का गेलात, असं मी नंतर विचारलं. त्यांनी सांगितलं की इतके दिवस तो आवाज गेला, मेला असं वाटायचं, आणि त्याच्या जागेवर दुसरा आणून बसवणं नको व्हायचं. आता तो कुठे आहे ते माहीत आहे. त्याचं त्याला काम आहे. मग आपल्याला घरात वापरायला एक असायला काय हरकत?

सराव त्या दार लावून करायच्या, घरी न्हाणीघरात. सोफेवाल्यांना बाहेरून काहीबाही ऐकू यायचं, ते न ऐकल्यासारखं करायचे. एक दिवस ते सोफ्यावर पाय वर घेऊन बसले असताना मागून कोणीतरी घोगऱ्या आवाजात म्हणालं, "पाय. खाली." त्यांनी आधी पाय खाली घेतले आणि मग वळून पाहिलं. इतक्या वर्षांची सवय.

थोड्या वेळाने, बाई बघताहेत याची खात्री करून, पाय पुन्हा वर घेतले.

हा नवा आवाज मला सुरुवातीला खटकायचा, खोटं कशाला बोलू. फुटक्या बादलीत खडे टाकावेत तसा. पण आता जिन्यात तो ऐकू आला की बाई येताहेत एवढंच मनात येतं. एका दमात चार-पाच शब्दच निघतात, त्यामुळे त्या फालतू बोलत नाहीत, आणि भाजीवाल्याशी घासाघीस करताना तर हा आवाज पहिल्यापेक्षा कामाला येतो. ज्यांचं असंच ऑपरेशन होतं त्यांच्याशी बोलायला इस्पितळवाले त्यांना कधीमधी बोलावतात. परवा एक माणूस म्हणे भिंतीकडे तोंड करून पडला होता, कोणाशी काही नाही. बाईंनी त्याला आपल्या हिरव्या जॅकेटच्या मुलीबद्दल सांगितलं. तो वळला आणि वहीच्या कागदावर लिहून विचारलं की आरशांच्या रानातून बाहेर कसं पडायचं. तो तिथे अडकला होता.

माझ्या खुर्च्या अखेर मिळाल्या. आणायला गेले तेव्हा दोघं सोफ्यावर होती, रिमोट सोफेवाल्यांच्या हातात. पडद्यावर गवताचं एक पठार होतं, आणि गवत उजेडाने आतून ओलं झाल्यासारखं. हिरव्या जॅकेटची मुलगी एका बिनचाकी गाडीत बसून त्यावरून अलगद चालली होती, टेकडीच्या मागे अर्धा बांधलेला चंद्र वर येत होता. कुठे निघालात, मी विचारलं.

"त्या तिकडे," सोफेवाले म्हणाले. "कोणीतरी रिकामं घर टाकून गेलंय म्हणे. आतलं सामान बघायचंय."

"सामान नाही," बाई म्हणाल्या. श्वास घेतला. "छपरावर. बाग आहे."

ते म्हणाले आधी सामान. त्या म्हणाल्या आधी बाग. गाडी पठारावर थांबली, गवत हलत राहिलं, आणि ती दोघं भांडत बसली.